यू यांग्समधले ग्रॅनाइटचे धोंडे: चार वर्षांचं मूल आणि सत्तरीतले आजी-आजोबा सोबत असताना कुठे आणि कसं चालावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहणारं कुटुंब, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले सत्तरीतले आई-बाबा. यू यांग्स रीजनल पार्कमध्ये अर्धा दिवस घालवायचा आहे. सगळ्यांना झेपेल असा वॉक कोणता, फ्लिंडर्स पीक हे शिखर सहाही जणांनी मिळून करावं का, आणि तिथल्या अवाढव्य दगडांवर मुलांना चढू द्यावं का?

आधी उत्तर, मग कारणं. सहा जणांनी मिळून करायचा वॉक म्हणजे बिग रॉक. फ्लिंडर्स पीक जरूर करा, पण सकाळी आधी आणि दोन तुकड्या करून. मुलांना दगडांवर चढू द्या, मात्र किती चढायचं ते ‘चढता येतं का’ यावर ठरवू नका, ‘उतरता येतं का’ यावर ठरवा. ग्रॅनाइटवर ही गोष्ट नेमकी उलटी केली जाते आणि बहुतेक रडारडी, खरचटणं, मुरगळणं त्यातूनच होतं.

यू यांग्स म्हणजे वेरिबीच्या सपाट मैदानातून एकदम वर उठलेली ग्रॅनाइटची रांग, जिलाँग शहराच्या उत्तरेला साधारण २२ किलोमीटरवर. ही वाडावुरुंग या ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी लोकांची भूमी. भोवतालचं मैदान लाव्ह्याचं, म्हणजे आपल्या दख्खनसारखंच बेसाल्टचं आहे. मधली रांग मात्र त्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुनी, सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात थिजलेल्या ग्रॅनाइटची. वरचे थर झिजून गेल्यावर तो उघडा पडला. त्याच्या भेगांमधून पाणी झिरपत राहिलं. चौकोनी तुकड्याच्या सपाट बाजूवर झीज एकाच दिशेने होते, कोपऱ्यावर मात्र तीन बाजूंनी होते, म्हणून कोपरे आधी गेले आणि गोलमट धोंडे शिल्लक राहिले. ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पारची हळूहळू माती होते, गारगोटीचे कण मात्र तसेच राहतात. या सुट्या कणांचा मुरूम तिथल्या प्रत्येक उतारावर, पायरीवर, कातळाच्या खोलगट भागात साचलेला दिसेल.

भूगर्भशास्त्र सांगण्याचं कारण असं की सह्याद्रीत तयार झालेली सवय इथे फसवते. बेसाल्ट थराथराने तुटतो. त्याला पायऱ्या असतात, कंगोरे असतात, आणि जिथे कडा सुरू होतो तिथे तो ठळक दिसतो. मूलसुद्धा कड्यापाशी आपोआप थांबतं. गोल धोंड्याला अशी कड नसते. माथ्यावर तो जवळजवळ सपाट असतो, दोन पावलं पुढे किंचित उतरता, आणखी दोन पावलांवर त्याहून उतरता. नेमकी घसरण कुठे सुरू होते ते वरून बघणाऱ्याला कळत नाही. पाय सरकला की मागे धरायला कंगोरा नसतो. लहान मुलं वाकून खाली बघायला पुढे पुढे सरकतात, आणि आई-बाबा खालून ‘तिथे कड नाहीये, ठीक आहे’ असं म्हणत असतात. कड नाही हाच तर धोका आहे.

म्हणून मोजमाप ठेवा. मूल हात न टेकवता, सरळ चालत जितकं वर जातं, तितका उतार त्याचा. हात टेकवावे लागले की एका मोठ्या माणसाने त्याच्या खालच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. पोट टेकवून सरपटावं लागलं की तिथून परत फिरायचं, मग वर कितीही सोपं दिसत असो. चार वर्षांच्या मुलासाठी आणखी एक मर्यादा घाला: त्याचे पाय तुमच्या छातीपेक्षा वर जाता कामा नयेत. तिथवर घसरलं तर तुम्ही त्याला अडवू शकता, त्यापुढे नाही.

उतरणं शिकवावं लागतं, कारण मुलांना उपजत सुचतं ते चुकीचं असतं. घाबरलेलं मूल मागे रेलतं, टाचा रोवतं, आणि त्यामुळे बुटाचा जेमतेम चतुर्थांश तळवा दगडावर राहतो. कोरडा ग्रॅनाइट खरखरीत असतो, त्यावर रबरी तळव्याची पकड उत्तम बसते, पण तळवा पूर्ण टेकला तरच. शिकवायचं ते इतकंच: गुडघे किंचित वाकवायचे, पूर्ण पाऊल सपाट टेकवायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर ठेवायचं, आणि छोटी छोटी पावलं टाकायची. तरी भीती वाटली तर खाली बसून, दोन्ही हात मागे टेकवून, बूड घासत उतरायचं. पँट फाटेल, मूल नाही पडणार. आधी गुडघाभर उंचीच्या सपाटशा दगडावर चार-पाच वेळा चढ-उतर करून घ्या, मग मोठ्या कातळाकडे वळा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि वर उभं राहून मुलाला हाताला धरून ओढून घेऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलांच्या कोपरातला अस्थिबंध अजून सैल असतो. मनगट धरून झटक्याने वर खेचलं की कोपराजवळचं हाड त्यातून सरकतं. मूल हात लोंबता ठेवतं, वाकवू देत नाही, नुसतं रडतं. डॉक्टर तो क्षणात बसवतात, पण तुमचा दिवस तिथेच संपतो. मदत करायची ती खालून, कंबरेला किंवा काखेत धरून.

दगडाचा रंग वाचायला शिका. मुलांनाही हा खेळ आवडतो. करडा-गुलाबी, खरखरीत, कोरडा पृष्ठभाग चांगला. करड्या-हिरव्या दगडफुलाचे ठिपके कोरडे असताना चालतात, ओले झाले की साबणासारखे. कातळावरून खाली आलेले काळे पट्टे म्हणजे पावसाचं पाणी वाहण्याच्या वाटा, त्यात सूक्ष्म शेवाळ असतं. दमट हवेत त्यांच्यावर पाय ठेवूच नये. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे इथे सावलीची, ओलसर, शेवाळलेली बाजू दक्षिणेची असते. भारतातून आलेल्या माणसाचा अंदाज इथे चुकतो. पाऊस पडून गेल्यावर उत्तरेची बाजू दुपारपर्यंत वाळते, दक्षिणेची हिवाळ्यात दोन-दोन दिवस ओली राहते. कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटलेले दगडाचे थर दिसतील, ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. त्यांवर उड्या मारू नयेत, आणि त्यांच्या खाली हात घालू नये.

दोन धोंड्यांमधल्या फटी हा तिसरा विषय. मुलांना त्यात शिरायचं असतंच. जी फट आरपार दिसते, जिच्या तळाशी माती दिसते आणि जिच्यातून तुम्ही स्वतः जाऊ शकता, तिच्यात मुलाला जाऊ द्या. खाली निमुळती होत जाणारी फट नको. तिच्यात पाय अडकतो आणि शरीराच्या वजनाने आणखी रुततो. एका दगडावरून दुसऱ्यावर उडी मारायला नऊ वर्षांच्या मुलीलासुद्धा देऊ नका, कारण पोचण्याची जागा गोल असते आणि तिच्यावर बहुधा मुरूम पसरलेला असतो.

आता बिग रॉक. पिकनिकच्या जागेपासून थोड्याच मिनिटांच्या चालीवर हा भलामोठा उघडा कातळ आहे. वरून मैदान दूरवर दिसतं. चार वर्षांच्या मुलाला इथे एक-दीड तास सहज पुरतो, आणि ते पूर्ण पुरेसं आहे. या वयाच्या मुलाला अंतर कापण्यात रस नसतो, थांबण्यात असतो. सपाट वाटेवर ते मूल तासाला दोन किलोमीटरपेक्षा जास्त जात नाही, आणि तेही मध्ये मुंग्या लागल्या नाहीत तर. आजी-आजोबांना कातळाच्या कमी उताराच्या बाजूने वर नेता येतं. पाय डळमळत असतील तर पायथ्याशी झाडांच्या सावलीत बसायला जागा आहे, तिथूनही मुलं दिसत राहतात.

यू यांग्सच्या कातळांवर पाणी साठणारे खळगे आहेत. यांतले काही नैसर्गिक खळगे वाडावुरुंग लोकांनी मोठे आणि खोल करून पावसाचं पाणी साठवण्यासाठी वापरले. या रांगेत बारमाही ओढा नाही, त्यामुळे ही टाकी म्हणजे जगण्याचा आधार होता. आपल्या गडांवरच्या टाक्यांशी जसं वागतो तसंच इथे वागायचं: आत दगड टाकायचे नाहीत, पाय धुवायचे नाहीत, पाणी प्यायचं नाही. पावसाळी दिवसांत त्यात बेडकांची पिल्लं असतात, मुलांनी कडेला बसून बघायला हरकत नाही. कातळाच्या उथळ खोलगटात साचलेल्या मातीवर हिरव्या शेवाळाची गादी असते. ती तयार व्हायला फार वर्षं लागतात आणि एका बुटाने ती सालीसारखी निघून येते. तिला वळसा घालायचा हे मुलांना एकदा दाखवलं की ती पुढे मोठ्यांना टोकायला लागतात.

फ्लिंडर्स पीक ही रांगेतली सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर. मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज दर्यावर्दी १ मे १८०२ रोजी इथे चढला होता. त्याने दिलेलं नाव स्टेशन पीक, आताचं नाव १९१२ पासूनचं. टर्नटेबल कार पार्कपासून जाऊन-येऊन ३.२ किलोमीटर आणि सुमारे ४५० पायऱ्या. पार्कच्या माहितीत एक तास लिहिलेला असतो. तो धडधाकट मोठ्या माणसाचा, न थांबता. नऊ वर्षांच्या मुलीसह दीड ते पावणेदोन तास धरा. चार वर्षांचा मुलगा स्वतः चालणार असेल तर अडीच तास, आणि उतरताना तो खांद्यावर असेल हे गृहीत धरा.

पुण्यातल्या आजी-आजोबांना सांगताना माप सोपं आहे: पर्वतीच्या १०३ पायऱ्या चार वेळा, आणि वर थोड्या. पण पर्वतीच्या पायऱ्या रुंद, दगडी, एकसारख्या आहेत. इथल्या पायऱ्यांची उंची बदलत राहते. कुठे लाकडाचे ओंडके, कुठे दगड, मध्ये मातीचे सपाट तुकडे, आणि पायरीच्या पुढच्या कडेवर तोच मुरूम. हे सुटे कण बुटाखाली गडगडतात. घसरण्याची जागा म्हणजे चढण नव्हे, उतरताना शेवटच्या शंभर पायऱ्या, जेव्हा मांड्या थकलेल्या असतात आणि कार पार्क दिसल्यावर मुलं धावत सुटतात. तिथे मोठ्या माणसाने सर्वांत पुढे राहायचं, मुलांनी मागे.

दोन तुकड्या अशा करा. सगळे मिळून निघायचं. आजी-आजोबा, चार वर्षांचा मुलगा आणि एक पालक पहिल्या बाकापर्यंत किंवा पहिल्या मोकळ्या नजाऱ्यापर्यंत येतील आणि तिथून सावकाश परततील. दुसरा पालक आणि मुलगी शिखरावर जाऊन येतील. परत भेटायची वेळ आणि जागा निघतानाच ठरवा, कारच्या दोन्ही किल्ल्या एकाच खिशात राहणार नाहीत ते बघा, आणि पाण्याची वाटणीही तिथेच करा. ‘जमेल तितकं चढू, मग बघू’ असं म्हणून निघालं की कुणालाच मध्ये थांबायला आवडत नाही. विशेषतः आजोबांना. त्यांचे गुडघे बोलायला लागतात ते वर पोचल्यावर.

शिखरावरून एका बाजूला मेलबर्नच्या इमारती, दुसऱ्या बाजूला जिलाँग आणि कोरायो बे, समोर पोर्ट फिलिप बे. खाली मैदानात पंख पसरलेला एक प्रचंड पक्षी दगडांनी रेखलेला दिसेल. तो बुंजिल, कुलिन या इथल्या मूळनिवासी लोकांच्या परंपरेतला सृष्टिकर्ता, गरुडाच्या रूपात. अँड्र्यू रॉजर्स या शिल्पकाराने २००६ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी ही रचना केली. पंखांचा पसारा १०० मीटर आहे. जवळ उभं राहून ती नुसती दगडांची रांग वाटते, आकार कळतो तो उंचावरूनच. चढताना कंटाळलेल्या मुलीला ‘वर गेल्यावर गरुड शोधायचा’ हे काम देऊन ठेवा.

कोणत्या क्रमाने काय करावं, हे मुख्यतः उन्हावर अवलंबून. सकाळी नऊच्या आसपास टर्नटेबलला गाडी लावली तर जागा मिळते आणि पायऱ्यांचा बराच भाग गारव्यात होतो. शनिवार-रविवारी साडेदहानंतर गर्दी होते. शिखरावरून परतल्यावर जेवण, मग बिग रॉक. दुपारी उन्हाळ्यात हा क्रम बिग रॉकपाशी तुटतो, कारण उघडा कातळ ऊन पितो आणि परत फेकतो. जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी अकराच्या आत दोन्ही उरकावं किंवा जाऊच नये. सर्वांत चांगला काळ मे ते ऑक्टोबर. ऑगस्ट-सप्टेंबरात वॅटलची पिवळी फुलं असतात, हवा स्वच्छ असते. फक्त शिखरावरचा वारा बोचरा असतो. पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बसलेलं मूल हालचाल करत नसल्यामुळे तुम्ही घामाघूम असताना ते गारठलेलं असू शकतं. त्याच्या पोटऱ्या आणि हाताची बोटं चाचपून बघत राहा. बाबागाडी या पायऱ्यांवर चालत नाही, आणायचा विचारही नको.

मेलबर्नचं हवामान एका तासात पालटतं. उत्तरेचा गरम वारा सुटलेला असतो, मग नैर्ऋत्येकडून थंड लाट येते आणि पारा तासाभरात दहा-पंधरा अंशांनी उतरतो. अशा बदलाचा अंदाज असेल तर बदलाच्या आधी गाडीत परतलेलं असावं. गडगडाट ऐकू आला की शिखर आणि उघडे कातळ लगेच सोडायचे, झाडाखाली किंवा धोंड्याच्या कपारीत आसरा घ्यायचा नाही, गाडी गाठायची.

आगीच्या धोक्याचं प्रमाण तर घरातून निघायच्या आधी बघायचंच. २०२२ पासून चार पातळ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटॅस्ट्रॉफिक. शेवटच्या पातळीला अशी उद्यानं बंद ठेवली जातात. माझं मत स्पष्ट आहे: लहान मुलं आणि वडीलधारे सोबत असतील तर एक्स्ट्रीमलाच बेत रद्द करा. बुशमध्ये, म्हणजे इथल्या झाडीच्या रानात, आग चढणीवर जोरात धावते, आणि ४५० पायऱ्यांवर असलेल्या कुटुंबाला उतरायला वेळ लागतो. आगीच्या सूचना देणारं विक-इमर्जन्सीचं ॲप फोनवर ठेवा. टोटल फायर बॅनच्या दिवशी चहासाठीसुद्धा कुठलीही शेगडी पेटवायची नाही, थर्मास न्या.

पाणी: मोठ्या माणसाला दोन-अडीच तासांसाठी एक लिटर, पंचवीस अंशांच्या वर दीड. नऊ वर्षांच्या मुलीला पाऊण लिटर, चार वर्षांच्या मुलाला अर्धा. वाटेवर पाण्याचा नळ मिळेल या भरवशावर राहू नका. आणखी दोन लिटर गाडीत ठेवा. खाणं कोरडं आणि हातात धरता येईल असं: पोळीचा रोल, दशमी, केळी, भाजलेले शेंगदाणे. काचेची बरणी नको, कातळावर फुटली की तिचे तुकडे गारगोटीच्या कणांत मिसळून जातात. कचरा परत घरी. उरलेली पोळी कांगारूंना किंवा कूकाबरा पक्ष्यांना घालू नका. त्यांना ती बाधते, आणि माणसांच्या हातातून खायची सवय लागलेला कूकाबरा पुढच्या मुलाच्या हातातून घास हिसकावतो.

ऊन इथे वेगळं आहे. तापमान अठरा अंश असलं तरी यूव्ही इंडेक्स ३ किंवा त्यावर असेल तर त्वचा भाजते. मेलबर्नमध्ये ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत बहुतेक दिवशी तो तेवढा जातो. सावळ्या त्वचेलाही संरक्षण लागतं. एसपीएफ ५० सनस्क्रीन निघण्याच्या वीस मिनिटं आधी लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. पुढे छज्जा असलेल्या टोपीपेक्षा सगळीकडून काठ असलेली टोपी घ्या, कारण मान आणि कान भाजतात. आजीने साडीचा पदर डोक्यावर घेतला तर तोही चालतो, मात्र पायऱ्यांवर साडी घोट्याच्या वर खोचलेली हवी. सलवार-कमीज त्याहून सोयीचा.

पादत्राणांवर तडजोड नको. चपला, कोल्हापुरी, क्रॉक्स, झिजलेल्या तळव्याचे वॉकिंग शूज, यांपैकी काहीच नाही. मुरूमावर चामड्याचा तळवा सरकतो, आणि पायात न बांधलेली चप्पल उतरताना पुढे निघून जाते. महागडे ट्रेकिंग बूट लागत नाहीत, खाचा शाबूत असलेले, नाडी बांधलेले रबरी तळव्याचे साधे बूट पुरतात. नाडी चढताना सैल आणि उतरताना घोट्यापाशी घट्ट बांधली तर अंगठा बुटाच्या टोकाला आपटत नाही. आजी-आजोबांसाठी एक-एक काठी घ्या, टोकाला रबर असलेली. उभं राहून काठी धरल्यावर कोपर काटकोनात असेल इतकी तिची उंची, उतरताना पाच सेंटीमीटर जास्त. काठी आधी खालच्या पायरीवर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हात पाणी कमी पडून चक्कर येऊ शकते, गोळीच्या वेळेबद्दल डॉक्टरांना आधी विचारून घ्या. व्हिक्टोरियात ॲम्ब्युलन्सचा खर्च मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्य योजना, देत नाही, आणि भारतातून आलेल्यांना तर मेडिकेअरच नसतं. त्यांच्या प्रवास विम्यात ॲम्ब्युलन्स आहे का हे आजच बघा, आणि तुमच्या कुटुंबाची ॲम्ब्युलन्स मेंबरशिप नसेल तर घेऊन टाका.

सापांबद्दल भीती आणि बेफिकिरी, दोन्ही दिसतात. सप्टेंबर ते एप्रिल ते बाहेर असतात. ईस्टर्न ब्राउन आणि टायगर हे दोन्ही इथल्या भागातले, दोन्ही अतिविषारी. सकाळी ऊन खायला कातळावर किंवा वाटेच्या कडेला पडलेले असतात. दिसला तर थांबा, मुलांना मागे घ्या, त्याला जाऊ द्या. बहुतेक दंश साप मारायला किंवा हुसकायला गेल्यावर होतात. गवतात शिरायचं नाही, दगड उलटायचे नाहीत, कपारीत हात घालायचा नाही, आणि दगडावर बसण्यापूर्वी काठीने आजूबाजूला ठोकायचं.

दंश झालाच तर इथला प्रथमोपचार भारतात सांगतात त्याहून वेगळा आहे. भारतात घोणस-फुरशासारख्या सापांमुळे जागेवर सूज आणि मांसाची हानी होते, म्हणून तिथे दाबपट्टी बांधू नका असं शिकवतात. ऑस्ट्रेलियात मात्र दाबून पट्टी बांधून अवयव स्थिर ठेवणं हाच मान्य उपाय आहे. दहा ते पंधरा सेंटीमीटर रुंदीची इलॅस्टिक पट्टी दंशावर बांधायची, मग दुसरी पट्टी बोटांपासून सुरू करून वर, पूर्ण हात किंवा पाय झाकेपर्यंत. घट्टपणा मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितका, बोटांचा रंग जाता कामा नये. मग फळकुट किंवा काठी लावून अवयव जखडायचा. माणसाला चालवायचं नाही, अगदी कार पार्क शंभर मीटरवर असलं तरी. जागा धुवायची नाही, कापायची नाही, चोखायची नाही. ट्रिपल झिरोला, म्हणजे ००० ला फोन करून जागा सांगायची. इमर्जन्सी प्लस नावाचं ॲप फोनवर असेल तर ते अक्षांश-रेखांश दाखवतं. अशा तीन पट्ट्या पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी नको. आजींना हे आधी समजावून सांगा, नाही तर ऐन वेळी त्या शिकवलेलंच आठवून पट्टी सोडायला सांगतील.

रेडबॅक कोळी चावला तर ही पट्टी नको, बर्फाचा शेक आणि डॉक्टर. बुल अँट नावाच्या मोठ्या मुंग्या कडाडून चावतात. कुणाला सूज चेहऱ्यापर्यंत आली किंवा श्वास लागला तर तिथेही लगेच ०००. वसंतात मॅगपाय पक्षी डोक्यावर झेप घेतात, टोपी आणि गॉगल घालून त्या झाडाखालून पटकन पुढे जावं, इतकंच.

कोआला या पार्कमध्ये खरोखर आहेत, आणि आजी-आजोबांना तो दिसावा अशी प्रत्येक कुटुंबाची इच्छा असते. वर पाहत फिरण्यापेक्षा खाली पाहा: मॅना गम आणि रिव्हर रेड गम या निलगिरीच्या जातींच्या झाडांच्या बुंध्याशी शेंगदाण्याएवढ्या लांबट, हिरवट-तपकिरी लेंड्या दिसल्या की वर फांदीच्या बेचक्यात करडा गोळा शोधायचा. दिसला की लांब उभं राहून, आवाज न करता बघायचं. झाड हलवायचं नाही, खाली उतरलेला असेल तर वाट सोडायची. त्यांच्या वाटेत बोनसीड नावाचं झुडूप माजलं आहे, मूळ दक्षिण आफ्रिकेतलं, वसंतात पिवळ्या फुलांचं. ते इतकं दाट वाढतं की कोआलाला जमिनीवरून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाता येत नाही. कोआला क्लॅन्सी फाउंडेशन ही संस्था स्वयंसेवकांना घेऊन ते उपटण्याचं काम इथे करते. नऊ वर्षांच्या मुलीला त्यात नक्की गोडी लागेल. मुळं उथळ असल्यामुळे लहान रोप हाताने निघतं. मात्र आपल्या मनाने रोपं उपटू नका, सारख्या दिसणाऱ्या स्थानिक झुडपांचा बळी जातो. तुमच्याकडून रोज होण्याजोगं काम वेगळं आहे: निघताना आणि परतताना बुटाच्या खाचा जुन्या टूथब्रशने साफ करा. बिया तिथूनच इकडच्या तिकडे जातात.

सायकलवाल्यांच्या वाटांवर चालू नका. स्टॉकयार्ड्स आणि कुराजोंग प्लँटेशन हे दोन भाग माउंटन बाइकसाठी आहेत. वळणावरून येणाऱ्या सायकलला मूल दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

गाडी न्यावीच लागते. प्रिन्सेस फ्रीवेवरून लिटल रिव्हर किंवा लारा इथून आत वळायचं. पार्कचं दार संध्याकाळी बंद होतं आणि वेळ ऋतूनुसार बदलते, आत जाताना फलकावरची वेळ वाचून फोनमध्ये त्याच्या पाऊण तास आधीचा गजर लावा. प्रवेशद्वाराजवळच्या व्हिजिटर सेंटरपाशी थांबून सगळ्यांना स्वच्छतागृहात नेऊन आणा. चार वर्षांच्या मुलाला पायऱ्यांच्या मध्यावर ‘लागली’ तर आडोसा मिळत नाही.

ब्रिस्बेन किंवा पर्थच्या नातेवाइकांकडे गेलात तर हेच नियम तिथेही लागू पडतात. क्वीन्सलँडमधल्या गिरावीन राष्ट्रीय उद्यानात ग्रॅनाइट आर्चचा वॉक लहानांसाठी उत्तम आहे, पण तिथल्या पिरॅमिडचा उघडा, तीव्र उतार चार वर्षांच्या मुलासाठी नाही, आणि ओला असताना कुणासाठीच नाही. पर्थहून दक्षिणेला पोरोंगुरपची ग्रॅनाइटची रांग आहे. तिथे धोंड्याच्या भेगेत वाढलेलं कॅरी झाड सगळ्यांना बघता येतं. कॅसल रॉकच्या वरच्या टोकाला मात्र दगडांवरून चढून शेवटी लोखंडी शिडी आहे, ती मुलीसाठी ठीक, मुलासाठी नाही.

यू यांग्सला दुसऱ्यांदा जाल तेव्हा मुलीला फ्लिंडर्स पीकच्या कुशीतून जाणारा ईस्ट-वेस्ट वॉक द्या. त्यात शिखर नाही, पायऱ्यांची रांगही नाही, पण धोंडे जास्त जवळून दिसतात आणि गर्दी निम्म्याहून कमी असते. मुलगा त्या वेळी पाच वर्षांचा झाला असेल, तर त्याच्यासाठी मोजमाप तेच ठेवा: हात न टेकवता जितका जातो, तितकाच दगड.